पहिल्या भागाची बाकी: अ‍ॅक्शनपटाच्या पुढच्या भागात भाव कुठून येतो?

प्रश्न इथल्याच, इंदूरच्या एका तरुण दिग्दर्शकाचा आहे. ट्रान्सपोर्ट नगरात हमाली करणाऱ्या मराठी मुलाची 40 मिनिटांची अ‍ॅक्शन फिल्म त्यांनी केली आणि ती लोकांना आवडली. तीत जमिनीच्या भानगडीत नायकाचा धाकटा भाऊ मारला जातो. आता ते पूर्ण लांबीचा दुसरा भाग लिहितायत. त्यांनी लिहिलंय: "पहिल्या भागात भाऊ गेला तेव्हा लोक रडले. दुसऱ्यात मी नायकाची बायको मारली, मारामाऱ्या दुप्पट केल्या, तरी वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. भाव आणू कुठून?"

तुमची पटकथा मी दोनदा वाचली आणि पहिली फिल्म तीनदा पाहिली. उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. बायकोला जिवंत ठेवा.

ती अकराव्या पानावर मरते आणि माझं मन तिथेच पटकथेतून उठलं. तिची माझी ओळखच नव्हती हो. दहा पानांत तिने दोनदा चहा केला, एकदा डबा भरून दिला आणि गेली. नायकाला दुःख झालं असेल, पण मला व्हावं एवढा वेळ तुम्ही तिला दिलेला नाही. आणि ज्याला मी चांगला ओळखतो, भावाला हातगाडीवर घालून एमवाय हॉस्पिटलपर्यंत ढकलत नेताना ज्याला मी पाहिलंय, त्या मुलाचं त्या रात्रीनंतर काय झालं याबद्दल उरलेल्या 80 पानांत एक ओळ नाही. तो मागच्या खेपेसारखाच धडधाकट उठतो आणि मारायला लागतो.

मी संकलक आहे. मुंबईत 22 वर्षं एडिट टेबलावर काढली, त्यातली निम्म्याहून जास्त अ‍ॅक्शनपटांवर, आणि दुसरे-तिसरे भाग त्यात बरेच होते. पुढच्या भागात सगळे एकच धडपड करतात: मागच्यापेक्षा मोठं. मोठा खलनायक, मोठा स्फोट, आणि मोठं दुःख. पहिल्यात मित्र मेला असेल तर दुसऱ्यात बायको, तिसऱ्यात मूल. हे मोठं दुःख टेबलावर आलं की पोकळ निघतं, कारण ते नवं असतं. नव्या दुःखाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि त्यासाठी लागणारी 40 मिनिटं दुसऱ्या भागाकडे नसतात, ती मारामाऱ्यांनी आधीच घेतलेली असतात. तुमच्याकडे मात्र एक पुंजी आहे, जी कुठल्याही पहिल्या भागाकडे कधीच नसते. प्रेक्षकाने या मुलाबरोबर आधीच 40 मिनिटं घालवलीयत. त्याची उधारी त्या प्रेक्षकाला पाठ आहे. ती वसूल करायला तो आलाय.

हे मला एडिट टेबलाच्या खूप आधी कळलं होतं, फक्त त्याला नाव देता येत नव्हतं. अनंत चतुर्दशीच्या रात्री जेलरोडला उभं राहून झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले दिव्यांचे फिरते देखावे, पाहण्यात माझं लहानपण गेलं. गिरण्यांच्या झांक्या, त्यांचे दिवे, आणि मधूनमधून आखाडे: पट्टा, बनेटी, लाठी. एका आखाड्याचे वस्ताद बनेटी फिरवायचे. दोन्ही टोकांना पेटते बोळे, आणि मध्ये माणूस दिसेनासा व्हायचा, नुसतं आगीचं चक्र. एका वर्षी आखाडा आला तेव्हा बनेटी त्यांच्या मुलाच्या हातात होती. मुलगा चांगला फिरवत होता, टाळ्याही पडत होत्या. मी मात्र वस्तादांना शोधत होतो. ते बाजूला, फेटा बांधून, रिकाम्या हातांनी चालत होते. मुलाने गती वाढवली की त्यांचा उजवा पंजा, धोतराला लागून, मनगटातून हळूच वळायचा. इतका हळू की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही दिसला नसता. मला दिसला, कारण मागची चार वर्षं मी तोच पंजा आगीत पाहिला होता. माझ्या बाजूला महूहून आलेले एक काका होते, त्यांची ती पहिलीच झांकी. त्यांच्या लेखी तो एक म्हातारा होता, मिरवणुकीत चालणारा.

दुसऱ्या भागातला भाव म्हणजे तो पंजा.

हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. माझे काका तिथे कामाला होते. त्यानंतरच्या वर्षी मिलची झांकी आली तेव्हा दिवे तेच होते, रस्ता तोच होता, पण रस्त्याकडेच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. झांकीत कुणी दुःखाचा देखावा केला नव्हता. बघणाऱ्यांना भोंगा बंद झाल्याचं ठाऊक होतं, एवढंच. (कामगारांचे थकलेले पैसे 2023 च्या डिसेंबरात मिळाले. काका तोवर राहिले नव्हते.)

आता सिनेमाकडे येतो. परदेशी उदाहरणांपासून सुरुवात करतो, कारण या कामात त्यांच्या दोन-तीन फिल्म्स खरोखर गुरू आहेत.

1984 च्या 'द टर्मिनेटर'मध्ये सारा कॉनर ही हॉटेलात काम करणारी साधी मुलगी. भविष्यातून आलेलं यंत्र तिच्या जिवावर उठलंय. त्याच्या पिस्तुलावर लेझर आहे आणि नाइटक्लबमधल्या गर्दीत तो लाल ठिपका तिच्या कपाळावर येऊन थांबतो. आपण तिच्याबरोबर घाबरतो. सात वर्षांनी, 1991 च्या दुसऱ्या भागात, सारा अंधारात एका बंगल्याबाहेर दबा धरून बसलीय. आत माइल्स डायसन नावाचा माणूस कॉम्प्युटरवर काम करतोय. त्याने अजून कुणाचं काही वाईट केलेलं नाही, फक्त त्याच्या संशोधनातून पुढे यंत्रांचं युद्ध होणार आहे. त्याच्या अंगावर लाल ठिपका सरकतो. त्याच्या लहान मुलाची रिमोटची गाडी पायाला येऊन लागते, तो खाली वाकतो, आणि गोळी हुकते. मग ती घरात शिरते, जखमी डायसन जमिनीवर, मुलगा बापाच्या अंगावर आडवा पडलेला, आणि सारा बंदूक रोखून उभी. तिच्याकडून चाप ओढला जात नाही. ती भिंतीला टेकून खाली बसते.

या प्रसंगाची मी विद्यार्थ्यांसमोर कितीदा तरी फोड केलीय. त्यात कुणी म्हणत नाही की "बघ, तू त्या यंत्रासारखी झालीस." तो संवाद लिहायचा मोह कुणालाही झाला असता. इथे तो लाल ठिपका बोलतो. पहिला भाग पाहिलेल्या माणसाला ठिपका दिसताच पोटात खड्डा पडतो, कारण तेव्हा तो जिच्या कपाळावर होता तीच आता त्याच्या मागे उभी आहे. गोळ्या झाडल्या जातायत, काचा फुटतायत, म्हणजे हा प्रसंग शंभर टक्के अ‍ॅक्शनच आहे. अ‍ॅक्शन थांबवून भाव घातलेला नाही. तुमच्या पटकथेत मारामारी, मग रडारड, मग पुन्हा मारामारी असे आलटून पालटून डबे जोडलेत. ते वेगळे ठेवलेत म्हणून दोन्ही कोरडे लागतात.

दुसरं उदाहरण 'एलियन्स', 1986. पहिल्या भागातून वाचलेली रिप्ली 57 वर्षं अंतराळात झोपून राहिली आणि मग सापडली. यात एक प्रसंग चित्रित झाला होता: रिप्लीला एक फोटो दाखवतात, म्हातारीचा. ती तिची मुलगी. रिप्लीने तिला अकराव्या वाढदिवसाला परत येते म्हणून सांगितलं होतं आणि ती मुलगी म्हातारी होऊन 66 व्या वर्षी गेली. काय जबरदस्त प्रसंग आहे. आणि चित्रपटगृहात आला तेव्हा चित्रपटात तो नव्हताच! काढून टाकला होता, पुढे वाढीव आवृत्तीत परत जोडला.

संकलक म्हणून या निर्णयावर मी खूप विचार केलाय. प्रसंग नसतानाही रिप्ली आणि न्यूट नावाच्या त्या अनाथ मुलीचं नातं प्रेक्षकाला पुरेपूर कळत होतं. कशामुळे? एका साध्या जागेमुळे. रिप्ली त्या मळकट, मुक्या झालेल्या मुलीला गरम पेय देते आणि तिच्या हनुवटीवर सांडलेलं पुसते. तिथे स्वच्छ डाग पडतो. मग ती म्हणते की आता एवढं पुसलंच आहे तर सगळा चेहरा पुसावा लागणार. इतकंच. पुढे शेवटच्या अर्ध्या तासात ही बाई बंदुकीला आग ओकणारं यंत्र चिकटपट्टीने बांधते आणि त्या मुलीसाठी एकटी खाली उतरते, तेव्हा तुम्हाला कारण सांगावं लागत नाही. माझं मत असं की फोटोचा प्रसंग कारण सांगतो आणि चेहरा पुसण्याचा प्रसंग नातं घडवतो. दोन्ही ठेवता आले तर उत्तम. एकच ठेवायचा असेल तर मी पुसण्याचा ठेवीन. तुमच्या पटकथेत कारण सांगणारे नऊ प्रसंग आहेत, पुसण्याचा एकही नाही.

उलट उदाहरणही बघा. 1982 च्या 'फर्स्ट ब्लड'च्या शेवटी रॅम्बो आपल्या जुन्या कर्नलसमोर लहान मुलासारखा रडतो. एवढा ताकदीचा माणूस, सगळं गाव पेटवून झालंय, आणि आता त्याला शब्द सापडत नाहीत. 1985 च्या दुसऱ्या भागात त्याला एक नवी सोबतीण मिळते. ती म्हणते मला तुझ्याबरोबर अमेरिकेला ने, तो हो म्हणतो, चुंबन, आणि लगेच गोळ्या येतात, ती मरते. मग तो कपाळाला पट्टी बांधून सूड घ्यायला निघतो. तुमच्या अकराव्या पानाचं मूळ तिथे आहे, आपल्याकडच्या शेकडो पटकथांचंही आहे. पण त्याच चित्रपटात सुरुवातीला एक जागा फार खरी आहे. रॅम्बो तुरुंगात दगड फोडतोय, कर्नल त्याला नव्या कामगिरीवर बोलवायला आलाय, आणि तो एवढंच विचारतो की या वेळी आम्हाला जिंकू देणार का. त्या प्रश्नात अख्खा पहिला भाग आहे. त्या एका वाक्यापुढे ते चुंबन आणि ते मरण मला फिकं वाटतं.

'टॉप गन'चा पुढचा भाग तर 36 वर्षांनी, 2022 मध्ये आला. त्यातली विमानं सगळ्यांनी वाखाणली. मला मात्र आठवतं की पहिल्या भागात मेलेल्या मित्राचा मुलगा आता नायकाच्या हाताखाली वैमानिक आहे, म्हणजे प्रत्येक उड्डाणात तो जुना अपघात विमानात बसलेलाच असतो. आणि पहिल्या भागातला नायकाचा प्रतिस्पर्धी वैमानिक, आइसमन, त्याचा तो प्रसंग: ती भूमिका करणाऱ्या व्हॅल किल्मर यांचा आवाज घशाच्या कर्करोगाने खरोखरच गेला होता, म्हणून पात्रही पडद्यावर टाइप करून बोलतं. 1986 मधला तो उद्धट आवाज कानात असलेल्या माणसाला त्या शांततेत गहिवरून येतं.

आपल्याकडचं उदाहरण 'बाहुबली'. कटप्पाने बाहुबलीला का मारलं हा प्रश्न 2015 ते 2017 देशभर फिरला आणि सगळ्यांना वाटलं की दुसऱ्या भागाची ताकद त्या गुपितात आहे. नुसतं गुपित असतं तर उत्तर कळल्यावर चित्रपट संपला असता. पहिल्या भागात असलम खान कटप्पाला गुलामीतून सोडवू पाहतो आणि कटप्पा नकार देतो, कारण पूर्वजांनी सिंहासनाला दिलेला शब्द. तेव्हा तो प्रसंग थोडा उपराच वाटतो. दुसऱ्या भागात राजमाता शिवगामीची आज्ञा येते आणि तो शब्द तलवारीच्या टोकाला येऊन उभा राहतो. वार एकच. पण तो वार करणारा माणूस कसा बांधलेला आहे हे आपण दोन वर्षांपूर्वी पाहिलेलं असतं.

याला एका चित्रपटातही जागा असते. सलीम खान मूळचे आपल्या इंदूरचे. त्यांनी जावेद अख्तर यांच्याबरोबर लिहिलेल्या 1975 च्या 'दीवार'मध्ये नायकाच्या हातावर लहानपणी जबरदस्तीने गोंदलेलं वाक्य आणि त्याचा 786 नंबरचा बिल्ला, या दोन गोष्टी प्रत्येक मारामारीत त्याच्याबरोबर असतात. बिल्ला एकदा गोळी झेलतो आणि शेवटी हातातून निसटतो तेव्हा काय होणार हे आपल्याला कळून चुकतं. एका चित्रपटात हे रुजवायला आणि उगवायला अडीच-तीन तास मिळतात. तुम्हाला तर रुजवण्याचं काम आधीच झालेलं मिळालंय.

आता माझ्या टेबलावरची एक गोष्ट, जी अजून मनात सलते. दहा-बारा वर्षांपूर्वीचा एका अ‍ॅक्शनपटाचा दुसरा भाग, नाव घेत नाही. पहिल्या भागात नायकाच्या डाव्या खांद्याला गोळी लागते. दुसऱ्या भागात कोल्ड स्टोरेजमध्ये मोठी मारामारी, तीन कॅमेरे, अकरा टेक. रश, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, पाहता पाहता सातव्या टेकच्या शेपटीला मला काहीतरी दिसलं. माणूस पडला होता, फाइट मास्टर कट म्हणायला विसरले होते, कॅमेरा चालूच होता. नट भिंतीला टेकला आणि घाम पुसायला त्याने डावा हात उचलला. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. चेहरा किंचित आकसला. मग त्याने डावा हात खाली सोडला आणि उजव्याने कपाळ पुसलं. 2 सेकंद 10 फ्रेम, म्हणजे 58 फ्रेम. मी नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला, "मागच्या खेपेला तिथेच लागली होती ना." त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पटकथेत नव्हतं. त्या माणसाने स्वतःच्या पात्राची जखम चार वर्षं सांभाळून ठेवली होती.

मी तो तुकडा दोन ठोशांच्या मध्ये लावला, पार्श्वसंगीत काढलं, नुसता श्वास आणि मागे कॉम्प्रेसरची घरघर. ट्रायल शोला माझ्या मागच्या रांगेतून एक दबका आवाज आला, "अजून दुखतंय याला." एवढ्या वर्षांत कामाची मिळालेली ती सगळ्यात मोठी पावती. दोन दिवसांनी वरून निरोप आला की तिथे गती पडते, आवरा. मी भांडलो नाही. 58 फ्रेमच्या 12 केल्या, म्हणजे अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात हात हा नुसता हात दिसतो, त्याचं थांबणं दिसत नाही. चित्रपट तसाच लागला. तेव्हा मी अडून बसायला हवं होतं, हे मला आजही वाटतं. तुमच्या निर्मात्यासमोर अशी वेळ येणारच आहे, म्हणून सांगतोय.

तुमच्या पटकथेकडे वळतो. तुमच्या पहिल्या फिल्ममध्ये असा हात आहे, आणि तो तुम्हाला स्वतःलाच दिसलेला नाही असं मला वाटतं. नायक सगळ्यांशी हिंदी बोलतो: मुकादमाशी, ड्रायव्हरांशी, पोलिसांशी. मराठी फक्त भावाशी. इंदूरमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्या कित्येकांचं हेच आहे, घराचा उंबरा ओलांडला की जीभ बदलते. गोदामामागच्या गल्लीतल्या मारामारीत मागून सळई येते तेव्हा धाकटा ओरडतो, "वाक!" नायक न बघता वाकतो आणि सळई डोक्यावरून जाते. तीनदा पाहिली फिल्म, तिन्ही वेळा मी खुर्चीत वाकलो. त्या एका शब्दात दोन भावांचा एकमेकांवरचा सगळा विश्वास आहे. "झुक" म्हटलं असतं तर तो झाला नसता.

मग भाऊ गेला. म्हणजे या मुलाशी मराठी बोलणारं आता कुणी उरलं नाही. दुसऱ्या भागाचं दुःख हेच आहे. दुसरं शोधायला जाऊ नका.

पान 34 वरची लोहामंडीची मारामारी घ्या. तिथे नायक आठ जणांना सहज लोळवतो. त्याऐवजी असं करा: मारामारी चालू असताना तो एका क्षणी किंचित मान वळवतो, कानाने काही शोधल्यासारखी. सवयच आहे त्याला, मागची बाजू त्याने कधी सांभाळलीच नाही, ती भावाकडे होती. कुणी ओरडत नाही. सळई पाठीत बसते. पहिला भाग पाहिलेला प्रत्येक माणूस तिथे कळवळेल आणि त्यासाठी तुम्हाला एकही संवाद लागणार नाही, फोटो लागणार नाही, फ्लॅशबॅक तर मुळीच नको. फ्लॅशबॅक टाकलात तर प्रेक्षकाच्या तोंडातला घास काढून तुम्ही चावल्यासारखं होईल. आठवण त्याची त्याला येऊ द्या.

बायको तुम्ही देवासकडची दाखवलीय, मालवी हिंदी बोलणारी. अगदी योग्य. तिला मराठी थोडं कळतं, बोलता येत नाही. शेजारच्या काकू गॅलरीतून तिला रोज "जेवलीस का गं?" विचारतात तेवढीच तिची शिकवणी. तिच्या वाट्याच्या चहाच्या दोन प्रसंगांपैकी एक काढा आणि तिथे रात्र आणा. तो झोपेत बडबडतो. ती सकाळी विचारते, "ये 'वाक' क्या होता है? रोज बोलते हो." तो उत्तर देत नाही, बूट घालतो आणि निघतो. यापेक्षा एक शब्दही जास्त नको. अर्थ तिला काकूंकडून कळू दे, तोही पडद्यामागे.

शेवटच्या मारामारीत ती तिथे असली पाहिजे. सळई मागून येते. ती ओरडते, "वाक!" उच्चार थोडा चुकलेला चालेल. तो वाकतो, सळई वरून जाते. आणि इथे कट करू नका. त्याला लगेच उठवू नका. खलनायक समोर आहे, धोका टळलेला नाही, तरी तो एक सेकंद जास्त वाकलेलाच राहतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर खाली. त्या एका सेकंदासाठी तुम्ही दुसरा भाग करताय, असं मी मानतो.

हा सेकंद हातातून कुठे निसटेल तेही सांगतो, कारण पटकथेत सुंदर असलेल्या अशा जागा मी सेटवर मरताना पाहिल्यायत. आपल्याकडे अ‍ॅक्शनचे दिवस वेगळे लागतात. फाइट मास्टर आपली टीम घेऊन येतात, बरंचसं काम डुप्लिकेटवर होतं, त्याची पाठ आणि हात-पाय मिळतात. नटाचे क्लोजअप मग दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या उजेडात, घाईत उरकले जातात. टेबलावर आल्यावर कळतं की ठोसे भरपूर आहेत आणि विचार करणारा चेहरा कुठेच नाही. भाव डोळ्यात आधी येतो, हातात मागून; ते मधलं अंतर चित्रित झालं नसेल तर जगातला कुठलाही संकलक ते निर्माण करू शकत नाही. म्हणून दोन गोष्टी करा. फाइट मास्टरना पहिली फिल्म दाखवा आणि "वाक"ची गोष्ट सांगा. चांगले मास्टर ही गोष्ट ऐकल्यावर अख्खी मारामारी त्या वाकण्याभोवती बांधतात, मी हे पाहिलंय. आणि त्याच दिवशी, त्याच उजेडात, निदान दीड तास फक्त तुमच्या नटासाठी राखा. ठोसे नकोत. तो ऐकतोय, तो चुकतोय, तो वाकलेला आहे, एवढंच. पैसे कमी आहेत म्हणाल तर सातपैकी तीन मारामाऱ्या काढा. पान 52 आणि 61 च्या तर नक्कीच, त्यात त्याचं काहीच पणाला लागलेलं नाही.

आवाजाचं थोडक्यात. "वाक"च्या आधी पार्श्वसंगीत हळूहळू उतरवू नका, प्रेक्षक सावध होतो. ते चालू असताना तिचा आवाज त्याच्यावरून येऊ दे, आणि मग वाकलेल्या सेकंदात सगळं बंद. सळई हवेतून गेल्याचा आवाजही पहिल्या फिल्ममधलाच वापरा, तो ट्रॅक तुमच्याकडे असेल.

शेवटच्या पानावर नायक भावाच्या फोटोसमोर उभा राहून एक पानभर बोलतो. ते पान फाडा. तुमच्या पहिल्या फिल्मची पहिली ओळ आठवते का? धाकट्याचा फोन येतो, "जेवलास?" त्यावरच या. रात्र, स्वयंपाकघर, त्याच्या पाठीला पट्टी, ती ताट वाढून बसलीय. ती म्हणते, "जेवलीस?" तिला काकूंचं तेवढंच येतं. तो म्हणतो, "जेवलास." ती त्याच्याकडे बघते आणि पुन्हा म्हणते, "जेवलास?" तिथे ब्लॅक करा.